थोरली डिस्क

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा! बस वेळेवर, सामान शाबूत आणि पाऊल टाकल्या टाकल्या हातात गरम चहा. आणखी काय पाहिजे?

ही वही तू दिलीस, तेव्हा पहिल्या पानावर तुझाच हक्क. फोनवर मी ‘हो, जेवलो, ठीक आहे’ यापलीकडे बोलत नाही, ही तुझी लग्नापासूनची तक्रार. म्हणून ठरल्याप्रमाणे रोज लिहीन, आणि तू आलीस की पहिल्यापासून वाच. मग म्हणू नकोस, नवरा घुम्या आहे म्हणून.

तर ऐक. लॅब दुमजली आहे. खाली रक्त काढतात, वर रिपोर्ट तयार होतात. वरच्याच मजल्यावर टोकाला सर्व्हरची खोली आणि तिला लागून एक लहान खोली, ती सध्या माझी. पलंग, टेबल, खिडकी. खिडकीतून मागच्या गल्लीतलं सायकलींचं दुकान दिसतं. इथे आपल्यासाठी घेतलेल्या घराचं रंगकाम चालू आहे. सतरा तारखेला तू आणि टिल्ली याल, तोवर माझा मुक्काम इथेच.

मालकीण डॉक्टरीणबाई. बोलणं तुटक, पण मनाने बऱ्या वाटल्या. जुनं मशीन मध्येच झोपतं, रिपोर्ट गायब होतात, पेशंट खाली भांडतात. नवं मशीन याच आठवड्यात उभं करायचंय. इमारत सांभाळणारे एक म्हातारे आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. साखरेच्या बाबतीत त्यांचा हात सैल. मला तर अस्साच चहा लागतो, हे तुला सांगायला नको.

टिल्लीशी बोललो. पुढचा दात पडला म्हणे, आणि तो मला दाखवायला डबीत ठेवलाय. तिने दहा वेळा वदवून घेतलं की इथलं दार मीच उघडायचं, दुसऱ्या कुणी नाही. तिची टकटक ठरलेली: दोनदा, मग जरा थांबून एकदा. घरात बाथरूमचं दारसुद्धा कार्टी तसंच वाजवते. मी कबूल केलं की टकटक ऐकली की हातातलं काम टाकून धावत येईन.

५ नोव्हेंबर, मंगळवार

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. दोन डिस्क मागवल्या होत्या, आली एकच.

तुला प्रश्न पडेल, दोन कशाला? सोपं आहे. एका टेबलावर दोन कारकून बसवायचे. जे एक लिहील तेच दुसऱ्याने त्याच क्षणी लिहायचं. एक आजारी पडला तरी दुसऱ्याच्या वहीत सगळं आहेच, काम थांबत नाही. आमच्यात याला मिरर म्हणतात. तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालीस, एकाने चूक लिहिली तर दुसराही तीच लिहिणार का? हो म्हटलं. मग काय उपयोग त्या शहाण्याचा, म्हणालीस. तुला या धंद्यात घ्यायला हवं होतं.

असो. एका डिस्कवर मिरर मांडला, दुसरी जागा रिकामी ठेवली, त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम चढवली. मशीन कुरकुरलं, अर्धा भाग सापडत नाही म्हणालं. त्याला म्हटलं, दम धर. मग चाचणी म्हणून घरचा माल भरला. आमच्या लोकांत ही पद्धतच आहे, कोऱ्या मशीनवर पहिला भरणा आपल्या घरचा. टिल्लीचे जन्मापासूनचे फोटो, तिची बेसूर गाणी, आपल्या लग्नाचा व्हिडिओ. सगळं झकास चाललं. खोली थंड, मशीन गुणगुणतंय आणि पडद्यावर टिल्ली जीभ काढून दाखवतेय. मला फार बरं वाटलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरी डिस्क पुढच्या महिन्याशिवाय येत नाही. बाईंनी ऐकलं आणि नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

मामांनी अडचण ओळखली. कपाटातून फडक्यात गुंडाळलेली एक डिस्क घेऊन आले. माझ्या आधी इथे जो माणूस होता त्याची, बरीच वर्षं चाललेली. मापात तंतोतंत बसली.

आता खरं सांगतो, तुझ्यापासून काय लपवायचं. जुनी डिस्क आधी पूर्ण पुसायची आणि मगच जोडायची, हा आमचा पहिला धडा. पण पुसायला अख्खा दिवस जातो आणि बाई पाठीशी उभ्या. डिस्क लावताच पडद्यावर आलं की ही एका जुन्या मिररची अर्धी बाजू आहे, हिची जोडीदार सापडत नाही, समोरच्या डिस्कशी जोडू का? मी हो म्हटलं. म्हटलं, माझ्या डिस्कची नक्कल तिच्यावर उतरेल, जुनं आपोआप पुसलं जाईल. नक्कल लगेच सुरू झाली. वेग अगदी कमी ठेवला, नाहीतर खाली रिपोर्ट उघडायला वेळ लागतो. आठ-दहा दिवस चालेल.

जोडणी करायला मशीन भिंतीपासून ओढलं होतं आणि मी मागे मांडी घालून बसलो होतो. डाव्या हाताला नवी, उजव्या हाताला जुनी. नंतर पुढे येऊन डिस्कच्या खणांच्या झाकणांवर चिठ्ठ्या डकवल्या: डाव्या झाकणावर ‘नवी’, उजव्यावर ‘जुनी’. उद्या कुणाचा गोंधळ नको. बाईंनी टापटिपीचं कौतुक केलं. तू ऐकायला हवं होतंस, ज्याला घरी मोज्यांची जोडी सापडत नाही तो हा माणूस!

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी सुभेदारांनी चहा आणला. साखर नको म्हटलं. लॅबचं काम सुरळीत चाललंय, बाई आज चक्क हसल्या.

कोपऱ्यातला पंखा आवाज करत होता. खिडकीच्या वरच्या फळीवर पेचकस होता, तो घेऊन नीट केला. दिवस चांगला गेला.

९ नोव्हेंबर, शनिवार

कालचं वाचलं. सुभेदार कोण?

मामांना लिहिलंय, हे उघड आहे. पण का? आज चहा आणला तेव्हा तोंडून तेच निघालं, की सुभेदार, इथे ठेवा. त्यांच्या हातून कप पडले. हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं, विचारायला लागले. त्यांना सुभेदार म्हणणारा एकच माणूस होता, माझ्या आधीचा. आणि तो आता नाही.

मी म्हटलं, कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेल. मामा काचा गोळा करून गेले. ऐकलंच असेल कुठेतरी. पण मग फळीवर पेचकस आहे हे मला कुणी सांगितलं? आणि मी साखर का सोडली?

१० नोव्हेंबर, रविवार

टिल्लीचा फोन. मी विचारलं, पाय कसा आहे, दुखतो का. ती हसत सुटली. कुठला पाय, बाबा? तू फोन घेतलास आणि म्हणालीस, लक्ष कुठे असतं तुझं. मी म्हटलं, मस्करी केली.

मस्करी नव्हती. मला खरंच त्या पायाची काळजी वाटत होती.

११ नोव्हेंबर, सोमवार

चाचणीचे फोटो उघडले. टिल्लीच्या वाढदिवसाचा फोटो वरून अर्धा बरोबर आहे. कपाळ, डोळे, दात. गळ्याच्या खाली फोटो दुसराच. एका मुलाचे पाय, अर्धी चड्डी, डाव्या पायात साधा बूट आणि उजव्या पायातल्या बुटाला जाड तळ. पुढच्या फोटोत टिल्ली फक्त केसांपुरती. त्याच्या पुढच्यात नाहीच.

हातच्या काकणाला आरसा कशाला? नक्कल उलटी चालली आहे. जुनीवरून नवीवर. मी खोलात जाऊन पाहिलं. मिररला खरं-खोटं कळत नाही. दोन डिस्क एकमेकींशी जुळल्या नाहीत तर तो फक्त नोंदी मोजतो. जिच्या नोंदी जास्त, ती खरी. माझी डिस्क दोन दिवसांची, तिच्या किती असणार? आणि ही जुनी वर्षानुवर्षं चाललेली. घरात थोरल्याचं चालतं तसं थोरलीचं चाललं. हो मीच म्हटलं होतं. गाढवपणा सगळा माझा.

फोटोंचं काही नाही, ते फोनमध्ये आहेत. मी फोनमध्ये पाहिले. सगळे आहेत, पूर्ण आहेत. मुलगी गोड आहे. पण बराच वेळ बघितल्यावर मग मला आठवलं की ती माझी आहे.

मला भीती वाटते. हे तुला फोनवर सांगता येत नाही म्हणून इथे लिहितो. फार भीती वाटते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मशीन बंद केलं. खाली गर्दी झाली, बाई धावत वर आल्या. परत चालू करावं लागलं. नक्कल जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू झाली.

मामांना खोलीत बसवून विचारलं. आधी टाळत होते, मग सगळं सांगितलं.

त्या माणसाला एकच मुलगा होता. एक पाय आखूड, त्या बुटाला जाड तळ. मुलगा तापाने आजारी पडला तेव्हा इथली डिस्क बदलली होती, अशीच नक्कल चालू होती. बायको घरून फोनवर फोन करत होती. हा म्हणायचा, थोडं राहिलंय, पुरं झालं की निघतो. पुरं झालं आणि निघाला. घरी पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. चौथ्या दिवशी परत येऊन कामाला बसला. रडला नाही. मामा म्हणाले, माणूस चांगला होता हो, पण त्यानंतर त्याला कशाचं काही वाटेनासंच झालं. बायको एकदा इथे आली, बराच वेळ दार वाजवत होती. त्याने उघडलं नाही. एके दिवशी याच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मुलाचं जे काही होतं ते त्याने त्या डिस्कवर ठेवलं होतं.

मामा डोळे पुसत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. मी खिडकीतून सायकलवाल्याचं पंक्चर काढणं बघत होतो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

निघून जायचं ठरवलं. नोकरी गेली खड्ड्यात. सकाळीच बॅग भरून बसस्टँडवर गेलो. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, कुठलं? मी गावाचं नाव सांगितलं, तिकीट घेतलं, बाकावर बसलो. जीव हलका झाला. घरी चाललो होतो.

मग तिकीट वाचलं. त्या गावी मी जन्मात गेलेलो नाही.

परत खिडकीशी गेलो. आपल्या गावाचं नाव — जिभेवर होतं. रांगेतले लोक खोळंबले. आठवलं नाही. तुला फोन करून विचारावं तर काय विचारणार, की बाई गं, आपण राहतो कुठे?

परत आलो. मामांनी बॅग पाहिली. चहा ठेवून गेले. बिनसाखरेचा.

उद्या ती डिस्क उपटून काढतो. माझ्या डिस्कवर अर्धंमुर्धं उरेल. फुटकंतुटकं का होईना, माझं असेल. रविवारी टिल्लीला दार उघडण्यापुरतं तरी.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काढली.

‘जुनी’ लिहिलेलं झाकण उघडलं, ओढली, हातात घेतली. कोरी करकरीत. वॉरंटीचं लेबलसुद्धा तसंच.

मागे बसलेल्याचं डावं ते पुढे उभ्या असलेल्याचं उजवं. शिकाऊ पोराला कळतं. मागे बसून पाहिलं, पुढे येऊन चिठ्ठ्या लावल्या, आणि बाईंनी कौतुक केलं —

पडद्यावर आलं, अर्धा भाग सापडत नाही. हा अर्धा म्हणजे मी.

घाबरून परत आत खुपसली. तेच करायचं नव्हतं. आता मिररच्या लेखी ती बाहेरून आलेली, कोरी; थोरली काढली तरी माझं काही उरणार नाही. सगळं पहिल्यापासून. वेगही मूळपदावर गेलाय, हळू करायला जातो तर पासवर्ड घेत नाही. माझा पासवर्ड. टिल्लीचं खरं नाव होता तो. ते टाकतो — टाकायला जातो —

टिल्लीचं खरं नाव काय?

तुला विचारू? तू काय म्हणशील?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काल भीती वाटत होती. आज वाटत नाही. भीती याचीच वाटायला हवी, हे कळतंय. कळतंय तेवढंच.

मागची पानं वाचली. हा माणूस बडबड्या आहे. सारखं ‘तू’ म्हणून कुणाला तरी सांगतोय.

फोन वाजला. एक बाई होत्या. रविवारी सकाळच्या बसने येतोय म्हणाल्या. या म्हटलं. मग, बरं वाटत नाही का, असं विचारलं. मग रडल्या असाव्यात. मी फोन ठेवला नाही. त्यांचं रडून होईपर्यंत धरून ठेवला. एवढं केलं.

लिहून ठेवतो, म्हणजे राहील: दोनदा, थांबून एकदा. वाजलं की काम टाकून धावायचं. कुणासाठी ते —

दोनदा, थांबून एकदा.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नक्कल नीट चालली आहे. अर्ध्याच्या वर गेली.

सुभेदार दोनदा येऊन बघून गेले. सांगत होते, खाली चला, मोकळ्या हवेत बसा, उद्या तुमची लेक येईल. मी म्हटलं, सुभेदार, मला लेक कुठली, मुलगा आहे. ते दाराला धरून खाली बसले. म्हातारा माणूस. पाणी दिलं.

पोराला ताप आहे. काल कळलं की आज — कुणीतरी सांगितलं. त्याचा दुसरा बूट झिजलाय, तळ लावून घ्यायचा राहिलाय. जाताना घेऊन जाईन. हे पुरं झालं की निघतो.

अर्धवट सोडून जाता येत नाही. माझ्याच्याने होत नाही तसं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सत्त्याण्णव टक्के.

जिन्यावर पावलं. दोन माणसांची, एक लहान. आतून कडी लावली आहे.

दार वाजलं. दोनदा, थांबून एकदा.

बाहेर लहान मुलगी आहे. बाबा, मी दात आणलाय म्हणते. कुणाच्या तरी बाबांना हाक मारतेय. सुभेदार तिला काहीतरी समजावतायत, त्यांचा आवाज नीट येत नाही. बरोबरची बाई नाव घेऊन हाका मारतेय. ते माझं नाव नाही.

आतून सांगितलं, थोडं राहिलंय, पुरं झालं की उघडतो. मला निघायचंच आहे. पोरगा वाट बघतोय, त्याला ताप —

अठ्ठ्याण्णव.

परत वाजलं. दोनदा, थांबून एकदा. बाई रडतायत. मुलगी नाही रडत. ती म्हणते, आई, थांब, मी वाजवलं की तो धावत येतो, त्याने कबूल केलंय.

दोनदा, थांबून एकदा. मागच्या पानावर हे कुणीतरी दोनदा लिहून ठेवलंय. माझ्या वहीत. ते वाजलं की काम टाकून —

नव्याण्णव.

पाय उचलत नाही. उठायला हवं असं एका बाजूला — उठतो. हे एवढं पुरं झालं की लगेच उठ